जाणकार पूर्ववाचक मिळवून देणारी सेवा : एका मसुद्याच्या निमित्ताने

कामाच्या ठिकाणच्या अवघड संभाषणांवरचे माझे पुस्तक पहिल्यांदा लिहून पूर्ण झाले तेव्हा त्यात ११ प्रकरणे आणि २४० पाने होती, आणि तोवर ते ज्यांच्या हाती पडले होते ती चारही माणसे मला न दुखावण्याची काळजी घेणारी होती. एकाने ‘ओघवते झाले आहे’ असे सांगितले, दुसरीने मुखपृष्ठाची चौकशी केली, तिसऱ्याने शुद्धलेखनाच्या चुकांची नेटकी यादी पाठवली आणि चौथीने पहिलेच प्रकरण अजून चालू असल्याचे दर आठवड्याला न चुकता कळवले. समोरच्याला खरे सांगताना माणसे शब्द का गिळतात हाच ज्या पुस्तकाचा विषय, त्या पुस्तकाबद्दल लेखिकेला कोणी खरे सांगायला तयार नव्हते. म्हणून मी जाणकार पूर्ववाचक मिळवून देणारी एक सशुल्क सेवा घेतली आणि दोन फेऱ्यांत मिळून आठ जणांकडून मसुदा वाचून घेतला. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे दोन ठळक तक्रारी आहेत आणि एका व्यवहारातल्या तक्रारी एखाद्या संस्थेच्या नावाला कायमच्या चिकटवणे मला रास्त वाटत नाही.

प्रकाशनापूर्वी मसुदा वाचून देणाऱ्याला आता सर्रास ‘बीटा रीडर’ म्हणतात. हा शब्द सॉफ्टवेअरच्या धंद्यातून आलेला आहे. कथा-कादंबरीच्या लेखकाला चोखंदळ पण सामान्य वाचक मिळाला तरी पुरते, कारण कंटाळा कुठे आला आणि कोणते पात्र खोटे वाटले हे तो अचूक सांगतो. सल्ला देणाऱ्या पुस्तकाची अडचण निराळी असते. माझ्या पुस्तकातले वाक्य पटले म्हणून एखादा वाचक ते दुसऱ्या दिवशी आपल्या वरिष्ठासमोर किंवा हाताखालच्या माणसासमोर उच्चारणार, आणि ते फसले तर नुकसान त्याचे होणार, माझे नाही. संपादक भाषा बघतो, मुद्रितशोधक अक्षरे बघतो. परंतु बंद दाराआड, टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसे बसलेली असताना हे वाक्य टिकेल की नाही, हे त्या खुर्चीवर बसलेल्या माणसालाच ठाऊक असते. अशी माणसे लेखकाच्या ओळखीत असतातच असे नाही, आणि असली तरी ओळखीमुळेच निरुपयोगी ठरतात. ही सेवा नेमकी ती उणीव भरून काढण्याचे आश्वासन देते.

कार्यपद्धती साधी आहे. आपण एक अर्ज भरतो, त्यात पुस्तकाचा विषय, अपेक्षित वाचक, मसुद्याची लांबी आणि कोणत्या प्रकारचे तज्ज्ञ हवेत हे लिहितो. सेवा आपल्या यादीतून नावे सुचवते, त्यांचा थोडक्यात परिचय देते, आणि आपण होकार दिला की वाचकाशी गोपनीयतेचा करार करून मसुदा त्याच्याकडे जातो. प्रत्येक प्रतीवर वाचकाच्या नावाचा फिकट ठसा असतो, ओळींना क्रमांक असतात आणि शेरे समासातच लिहायचे असतात. वाचनाला तीन आठवडे दिले जातात. वाचकाचे मानधन ठरलेले असते आणि त्याने स्तुती केली की झोडपले यावर ते अवलंबून नसते. हे शेवटचे वरकरणी किरकोळ वाटेल, परंतु ज्या कामात मानधन घेणाऱ्याला पुढचे काम मिळवण्यासाठी देणाऱ्याला खूश ठेवावे लागते, तिथे अभिप्राय कसा गोड होत जातो हे कोणत्याही कार्यालयात पाहायला मिळते.

पहिल्या फेरीत चूक माझी होती, हे आधी मान्य करते. अर्जातल्या ‘तज्ज्ञ’ या रकान्यात मी ‘मनुष्यबळ क्षेत्रातील १५ वर्षांहून अधिक अनुभव असलेले वरिष्ठ’ असे भरघोस शब्द लिहिले, आणि सेवेनेही काही न विचारता तशीच माणसे दिली: दोन मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांचे प्रमुख आणि एक नेतृत्व-प्रशिक्षक. दोन्ही प्रमुखांनी प्रामाणिकपणे वाचले, प्रत्येकी साठ-सत्तर शेरे दिले, आणि त्यांतले बहुतेक शेरे माझ्या म्हणण्याला दुजोरा देणारे होते. त्यात आश्चर्य काही नव्हते. मी ज्या बाजूने पुस्तक लिहिले होते, त्याच बाजूला ते आयुष्यभर बसले होते. वार्षिक मूल्यमापन करणारा, कानउघाडणी करणारा, कामावरून कमी केल्याचे सांगणारा माणूस त्यांना आतून माहीत होता. ऐकणारा माणूस त्यांनी माझ्याइतकाच बाहेरून पाहिलेला होता.

या फेरीचा खरा निकाल एका आकड्याने लागला. दुसऱ्या प्रकरणात मी मोठ्या थाटात लिहिले होते की संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांवाचून होतो: ७ टक्के शब्द, ३८ टक्के आवाज, ५५ टक्के चेहरा. दोन्ही प्रमुख या ओळीवरून निमूट पुढे गेले आणि प्रशिक्षकांनी तिच्याखाली ‘अत्यंत प्रभावी आकडेवारी’ असे लिहिले. पुढे दुसऱ्या फेरीतल्या संघटनात्मक मानसशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी तिथे नुसते एक प्रश्नचिन्ह काढले आणि खाली चार ओळींत खुलासा केला. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांतून जोडून काढलेले आहेत. त्या प्रयोगांत सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून, किंवा स्वराला चेहऱ्याच्या छायाचित्राची जोड देऊन, बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड हे ओळखायला सांगितले होते. शब्द एक सांगतो आणि स्वर दुसरे, तेव्हा भावना ओळखताना आपण कशावर विसंबतो, एवढाच त्यांचा आवाका. पगारवाढ का नाकारली हे चेहऱ्याने आणि आवाजाने ९३ टक्के समजावून सांगता येत नाही, असा बाईंचा शेवटचा शेरा होता. मी तो परिच्छेद काढून टाकला. प्रशिक्षणवर्गांत ही आकडेवारी इतक्यांदा पडद्यावर झळकते की व्यवसायात मुरलेल्या माणसाला ती तपासण्याची गरजच वाटत नाही, आणि पदाने तज्ज्ञ असलेल्या वाचकाची मर्यादा मला तिथे दिसली.

आता पहिली तक्रार. याच प्रशिक्षकांच्या अहवालात नवव्या प्रकरणाच्या शेवटी दिलेल्या ‘उपयुक्त तक्त्याचे’ तोंडभरून कौतुक होते. माझ्या पुस्तकात एकही तक्ता नाही. मग मी अहवाल पुन्हा बारकाईने वाचला, तेव्हा लक्षात आले की त्यातले एकही वाक्य माझ्या मसुद्यातल्या एखाद्या विशिष्ट ओळीला धरून नाही. कामाच्या ठिकाणच्या संवादावरील कोणत्याही पुस्तकाला ते जसेच्या तसे लागू पडले असते. मसुदा कोणी वाचला, की एखाद्या यंत्राकडून सारांश करून घेतला, हे मला सिद्ध करता येणार नाही. मी सेवेला तक्त्याबद्दल लिहिले. आठ दिवसांनी त्यांनी एक शब्दही खुलासा न करता बदली वाचक दिला आणि जादा शुल्क घेतले नाही. बदली आलेले गृहस्थ चांगले निघाले, त्यामुळे पैशांच्या बाजूने मला तक्रार करायला जागा नाही, परंतु अप्रकाशित मसुदा कोणाच्या हाती गेला आणि पुढे कुठे गेला, याचे उत्तर मिळायला हवे होते. करारात मसुदा अशा साधनांत घालण्याला मनाई आहे का, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते, तुम्ही विचारा.

दुसऱ्या फेरीपूर्वी सेवेच्या समन्वयक बाईंचा फोन आला. वीसेक मिनिटांच्या त्या बोलण्यात त्यांनी मला विचारलेला एक प्रश्न या संपूर्ण सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट ठरला: ‘या पानावर कोणी चिडावं असं तुम्हाला वाटतं?’ मी आधी हसले आणि मग वही घेऊन बसले. चौथ्या प्रकरणात उशिराबद्दल जाब विचारला जातो. तिथे चिडायला हवा तो जाब देणारा, किंवा अशा माणसाच्या शेजारी बसून त्याची बाजू मांडणारा. सहाव्या प्रकरणात वरिष्ठाची चूक दाखवून कशी द्यावी याची चर्चा आहे. तिथे चिडायला हवा तो, ज्याच्या कामात ही चूक काही सेकंदांत बोलून दाखवावी लागते. संशोधनाचे हवाले जिथे जिथे दिले होते तिथे संशोधक चिडायला हवा होता, आणि लिहिलेले संवाद वाचून प्रत्यक्ष संवादांची ध्वनिमुद्रणे अभ्यासणारा कोणी चिडायला हवा होता. हे सगळे मी पानांच्या क्रमांकांसह लिहून पाठवले. तीन दिवसांत पाच नावे आली: कामगार संघटनेत वाटाघाटी करणारे एक ज्येष्ठ पदाधिकारी, संभाषणविश्लेषणाच्या एक प्राध्यापक, वर उल्लेख केलेल्या मानसशास्त्राच्या अभ्यासक, विमानकर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणारे एक माजी वैमानिक, आणि नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झालेला एक मुलगा. शेवटचे नाव समन्वयक बाईंनी स्वतःहून घातले होते. ‘वन-ऑन-वन’, म्हणजे वरिष्ठ आणि कर्मचारी या दोघांचीच भेट, हा शब्द मी पान १२ वर वापरला होता आणि त्याचा अर्थ पान ६० वर दिला होता, हे त्या मुलाशिवाय कोणाच्याही ध्यानात आले नाही.

तज्ज्ञ वाचक नेमके काय देतो हे मोघम सांगून कळणार नाही, म्हणून मसुद्यातल्या पान ८७ चे काय झाले ते सविस्तर सांगते. तिथे मी आदर्श नमुना म्हणून हा संवाद दिला होता:

‘गेल्या तीन महिन्यांत तुमचे दोन अहवाल उशिरा आले. याबाबत तुमचं काय म्हणणं आहे?’
‘हो, माझं चुकलं. पुढच्या वेळी काळजी घेईन.’
‘ठीक आहे. आणखी काही विचारायचं नाही ना?’
‘नाही.’

पहिल्या फेरीतल्या एका प्रमुखांनी समासात ‘नेमके आणि सभ्य’ असे लिहिले होते. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी दुसऱ्या वाक्याखाली दोनदा रेघ ओढून लिहिले: ‘“काय म्हणणं आहे” हे शब्द आमच्या माणसाने चौकशीत ऐकलेले असतात. ते कानावर पडले की तो साहेबांशी बोलायचं थांबवतो आणि फाइलसाठी बोलायला लागतो. “माझं चुकलं” हे त्याने फाइलला दिलेलं उत्तर आहे. अहवाल पुढेही उशिराच येणार.’ मी हा प्रश्न लिहिताना तो मोकळा आहे, समोरच्याला बाजू मांडायची संधी देणारा आहे, अशा समजुतीत होते. मराठीत तो प्रश्न खुलासा मागण्यासाठीच वापरला जातो, हे मला एक मराठी बोलणारी बाई म्हणून ठाऊक असूनही लेखिका म्हणून ऐकू आले नव्हते.

प्राध्यापक बाईंचा शेरा दुसऱ्या ओळीपाशी होता आणि तो शब्दांबद्दल नव्हता, वेळेबद्दल होता. त्यांनी लिहिले की तुमच्या संवादांत कोणाला श्वास घ्यायलाही उसंत नाही. दहा भाषांतल्या प्रश्नोत्तरांचा तुलनात्मक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात प्रश्न संपणे आणि उत्तर सुरू होणे यांमधले अंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे एक पंचमांश सेकंद, भरले होते, आणि होकार नाकारापेक्षा लवकर येतो हेही त्यात दिसले होते. गैरसोयीचे उत्तर देणारा माणूस थांबतो, ‘म्हणजे’, ‘तसं पाहिलं तर’ असे काही पुटपुटतो, आणि मग मुद्द्यावर येतो. तुमचा कर्मचारी कबुली देताना एवढा चपळ का, असा त्यांचा प्रश्न होता. एक तर त्याने ते उत्तर घरून पाठ करून आणले आहे, किंवा ते लेखिकेने त्याच्या तोंडी घातले आहे.

तिसऱ्या ओळीबद्दल त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. डॉक्टर आणि रुग्ण यांच्या बोलण्यावरचे एक संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यात डॉक्टरांच्या एका गटाला तपासणीच्या सुरुवातीच्या टप्प्यात इंग्रजीत ‘आणखी काही आहे का’ असे विचारायला सांगितले होते. फरक होता तो फक्त ‘काही’साठी कोणता शब्द वापरायचा एवढाच. ‘एनी’ ऐवजी ‘सम’ वापरला, म्हणजे काहीतरी असणारच असे गृहीत धरणारा शब्द वापरला, तेव्हा रुग्णाच्या मनातल्या न बोललेल्या तक्रारींचे प्रमाण ७८ टक्क्यांनी घटले. मराठीत हा भेद शब्दापेक्षा वाक्याच्या शेपटीत असतो, असे बाईंनी लिहिले. ‘विचारायचं नाही ना?’ याला ‘नाही’ हेच सभ्य उत्तर आहे. ‘बोलायचं अजून काय राहिलंय?’ याला नाही म्हणायचे तर माणसाला थोडा विचार करावा लागतो.

नव्याने लिहिलेला संवाद ‘अहवाल दोनदा उशिरा आला. मधे नेमकं कुठे अडतंय?’ असा सुरू होतो. त्यानंतर कर्मचारी गप्प बसतो, वरिष्ठ ती शांतता भरून काढत नाही, आणि मग ‘म्हणजे… आकडे माझ्याकडेच महिना संपता संपता येतात’ असे अडखळत उत्तर येते. चार ओळींचा नमुना सव्वा पानाचा झाला. प्रत्येक वाचकाला महिनाभरात एकदा पुन्हा विचारण्याची मुभा सेवेने दिली होती, तिचा फायदा घेऊन मी ते पान पदाधिकाऱ्यांकडे परत पाठवले. त्यांनी एवढेच लिहिले: ‘आता तो खुर्चीत नीट टेकून बसेल.’

मानसशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी ९३ टक्क्यांखेरीज आणखी एक गृहीतक मोडीत काढले, आणि ते मोडल्यामुळे पाचव्या प्रकरणाची निम्मी पाने मला नव्याने लिहावी लागली. ‘वेळेवर दिलेल्या अभिप्रायाने काम सुधारतेच’ असे माझे वाक्य होते. त्यांनी ‘तेच’ यातल्या ‘च’भोवती गोल काढला होता. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी यांनी १९९६ साली आधीच्या अभ्यासांतले ६०७ परिणाम आणि २३,६६३ निरीक्षणे एकत्र करून तपासली, तेव्हा अभिप्रायामुळे कामगिरी सरासरीने सुधारते हे दिसलेच, परंतु एक तृतीयांशाहून अधिक परिणामांत ती खालावलेली आढळली. लक्ष कामावरून उठून स्वतःच्या प्रतिमेकडे गेले की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. ‘मानसिक सुरक्षितता’ या कल्पनेचे मी केलेले गोडगोड वर्णनही त्यांनी खोडले. एमी एडमंडसन यांनी १९९९ साली एका उत्पादन कंपनीतल्या ५१ गटांच्या अभ्यासातून ती मांडली, ती प्रश्न विचारण्याचा, चूक कबूल करण्याचा धोका पत्करता येईल अशा गटाच्या सामायिक खात्रीविषयी आहे. सगळे एकमेकांशी लाडीगोडीने बोलतात का, याच्याशी तिचा संबंध नाही.

माजी वैमानिकांनी सबंध पुस्तकाला मिळून अवघे नऊ शेरे दिले. त्यांतले सात सहाव्या प्रकरणावर होते. वरिष्ठाची चूक प्रश्नाच्या रूपात सुचवावी, म्हणजे त्याचा मान राहतो, असा माझा सल्ला होता. त्यांनी तेनेरिफे बेटावरच्या विमान-अपघाताची आठवण करून दिली. २७ मार्च १९७७ रोजी तिथल्या धुक्यात धावपट्टीवर दोन ७४७ विमाने एकमेकांवर आदळून ५८३ माणसे गेली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना, अशी शंका प्रश्नाच्या रूपातच काढली होती. कॅप्टनने ठामपणे होकार दिला आणि विमान धावत राहिले. ‘प्रश्नाला उत्तर मिळतं आणि विषय संपतो,’ असे त्यांनी समासात लिहिले होते. या आणि अशा अपघातांनंतर १९७९ साली नासाने भरवलेल्या कार्यशाळेपासून विमानकर्मचाऱ्यांच्या आपसातल्या बोलण्याचे पद्धतशीर प्रशिक्षण आकाराला आले, आणि त्यात कनिष्ठाला पायऱ्या शिकवतात: आधी प्रश्न, उत्तराने शंका फिटली नाही तर स्पष्ट विधान, आणि तरीही काही हलले नाही तर काम थांबवण्याची मागणी. कार्यालयात धावपट्टी नसते, असे मी त्यांना उत्तरादाखल कळवले. त्यावर त्यांनी, चुकीचे देयक ग्राहकाकडे जायला किती मिनिटे लागतात, असे विचारले. प्रकरणात आता पायऱ्या आहेत.

वाचक किती घ्यावेत, हा प्रश्न शुल्कामुळे प्रत्येकाला पडतो. संगणकीय मांडणी तपासणाऱ्यांच्या जगात जेकब नील्सन यांचा एक ठोकताळा प्रसिद्ध आहे: पाच वापरकर्त्यांकडून चाचणी करून घेतली की सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. तो हिशेब एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांना धरून आहे, हे मात्र विसरू नये. पहिल्या फेरीत एकसारखे वाचक घेतल्यामुळे दुसऱ्या प्रमुखांच्या शेऱ्यांतून मला पहिल्यापेक्षा नवे फारच थोडे मिळाले. दुसऱ्या फेरीत पाचही जण पाच खुर्च्यांवरून वाचत असल्यामुळे दोघांचा शेरा एकाच ओळीवर आला तो जेमतेम दहा-बारा ठिकाणी. पैसे मोजकेच असतील तर एका खुर्चीवरचे तीन घेण्याऐवजी तीन खुर्च्यांवरचा एकेक घ्यावा, असे मी म्हणेन.

सेवेच्या बाजूने आणखी एक गोष्ट आवर्जून नोंदवते. सगळ्यांचे शेरे जमा होईपर्यंत कोणत्याही वाचकाला दुसऱ्याचे शेरे दिसत नाहीत. सामायिक दस्तऐवजात सगळ्यांना एकदम लिहायला दिले असते, तर प्रमुखांच्या ‘नेमके आणि सभ्य’ या शेऱ्याखाली रेघ ओढायचे धाडस त्या सहा महिन्यांच्या मुलाला झाले नसते. त्या पानावर त्याचाही शेरा होता: ‘इथे मी पण माझं चुकलं म्हणालो असतो, आणि घरी जाऊन नवी नोकरी शोधली असती.’

दुसरी तक्रार सेवेच्या सारांश-अहवालाची आहे. सर्व वाचकांचे शेरे आले की सेवा आपल्या वतीने सहा पानांचा एक गोषवारा तयार करते, त्यात आलेख असतात आणि प्रत्येक प्रकरणाला तारे दिलेले असतात. चौथ्या प्रकरणाला पाचपैकी चार तारे होते, आणि ‘बैठकीची नोंद ठेवण्याबाबत बहुतांश वाचक अनुकूल आहेत’ असे एक वाक्य होते. प्रत्यक्षात काय लिहिले गेले होते? दोन्ही प्रमुखांचे म्हणणे, अवघड बोलण्याची नोंद त्याच दिवशी लिहून ठेवलीच पाहिजे, नाहीतर पुढे कोण काय म्हणाले याला आधार राहत नाही. पदाधिकाऱ्यांचे म्हणणे, ज्या नोंदीवर समोरच्याने वाचून सही केलेली नाही ती नोंद नव्हे, ते हत्यार आहे. हा मतभेद चौथ्या प्रकरणातली सर्वांत मौल्यवान सामग्री होता. त्यातूनच नोंद दोघांनी मिळून, समोरासमोर बसून कशी लिहावी यावरचा उपविभाग तयार झाला. गोषवाऱ्याने तो मतभेद सरासरी काढून पुसून टाकला होता, आणि मी मूळ शेरे वाचले नसते तर तो मला कळलाही नसता. वाचकांनी तोंडावर स्पष्ट सांगावे यासाठी एवढी चोख व्यवस्था उभारायची आणि शेवटी त्यांचे बोलणे गोड करून लेखकाच्या हाती द्यायचे, हा उद्योग मला अनाकलनीय वाटतो. गोषवारा नको असल्यास शुल्क कमी होते का, असे मी विचारले. होत नाही.

गोपनीयतेबद्दल एक अनुभव सांगण्यासारखा आहे. सेवेचा करार माझ्या मसुद्याचे वाचकांपासून रक्षण करतो. मसुद्यातल्या माणसांचे रक्षण ही माझी जबाबदारी राहते, आणि ती मी नीट पार पाडली नव्हती. नवव्या प्रकरणातल्या एका प्रसंगात मी नाव बदलले होते, परंतु दीर्घ रजेवरून परतलेली, रात्रपाळीची एकुलती एक पर्यवेक्षक अशी तिची ओळख तशीच ठेवली होती. पहिल्या फेरीतल्या दुसऱ्या प्रमुखांनी तिथे लिहिले की त्या कार्यालयातला प्रत्येक माणूस हिला पहिल्या वाक्यात ओळखेल. त्यांच्या बाकीच्या शेऱ्यांबद्दल मी वर जे म्हटले आहे ते खरेच आहे, पण या एका शेऱ्यासाठी त्यांचे मानधन वसूल झाले. हुद्दा, पाळी आणि प्रसंगांचा क्रम बदलून मी ते पान पुन्हा लिहिले आणि ज्या बाईंचा तो प्रसंग होता त्यांना आधी वाचायला दिले.

ऋणनिर्देशात वाचकांची नावे घालायची असतील तर सेवा प्रत्येकाची लेखी संमती मागवते, आणि ती आल्याशिवाय आडनावही कळवत नाही. सहा जणांनी होकार दिला आहे. माजी वैमानिकांनी ‘विमानसेवेतील एक प्रशिक्षक’ एवढाच उल्लेख करावा असे कळवले. पदाधिकाऱ्यांचे उत्तर अजून आलेले नाही. समन्वयक बाईंनी त्यांना दोनदा आठवण केली आहे, आणि मुद्रणाला जाणाऱ्या पानावर त्यांच्यासाठी एक ओळ मी मोकळी ठेवली आहे.